ब्रुकेशिया

शॅमेलिऑन (घोयरा) कुलातील बुटक्या, जमिनीलगत राहणाऱ्या सरड्यांची प्रजाती. जाती सुमारे ३०. सर्व मादागास्कर व त्याच्या किनाऱ्याजवळच्या बेटांवरील. प्राणिशास्त्रज्ञ ग्रे यांनी १८६५ मध्ये ब्रिटिश शरीररचनाशास्त्रज्ञ जोशुआ ब्रुक्स यांच्यावरून हे नाव दिले. शेपटी आखूड असून बहुतेक जातींत ती फांदीला वेढा घालत नाही. चालताना काठीसारखी टेकली जाते. रंग तपकिरी, झाडावरच्या शॅमेलिऑनसारखा भडक रंगबदल यांत नाही.

उगम वादग्रस्त आहे. शॅमेलिऑनच्या वंशवृक्षात ब्रुकेशियाची फांदी अगदी बुडाशी फुटते. त्यामुळे हे कुल मादागास्करात उदयाला येऊन समुद्रमार्गे आफ्रिकेत गेले, असे मत २००२ मध्ये मांडले गेले. मात्र २०१३ च्या जनुकीय अभ्यासानुसार कुलाचा उगम आफ्रिकेत, सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वीचा असून तेथून मादागास्करात दोनदा स्थलांतर झाले : अंदाजे ६.५ व ४.७ कोटी वर्षांपूर्वी. मादागास्कर आफ्रिकेपासून त्याच्या कितीतरी आधी तुटले होते. म्हणजे हे सरडे वाहत्या ओंडक्यांवरून आले असावेत. आजचे प्रवाह उलट दिशेचे असले, तरी त्या काळी ते पूर्वेकडे वाहत असावेत. आफ्रिकेतील उगमाचे हेच मत अधिक ग्राह्य वाटते.

२०१२ मध्ये मादागास्करच्या किनाऱ्याजवळील नोसी हारा बेटावरून नोंदलेली ब्रु. मायक्रा जेमतेम २९ मिमी. भरते. तिच्या खुजेपणाचे कारण छोटे बेट असावे, असा तर्क होता. पण २०२१ मध्ये नोंदलेली ब्रु. नाना मादागास्करच्या मुख्य भूमीवरील सोराता डोंगरात सापडल्याने तो लंगडा पडला. तिचा नर शेपटीसह २१.६ मिमी., मादी २८.९ मिमी. इतकी लहान चण पाहता ही पिल्लेच असतील, अशी शंका रास्त होती. क्ष-किरण छेदचित्रणात (सीटी स्कॅन) मादीच्या पोटात दोन अंडी दिसली व ही शंका फिटली. जाती ओळखताना नुसत्या रंगावर जाऊ नये; नराचे जननेंद्रिय व डीएनए तपासावे लागतात.

दिवसा पाचोळ्यात हे सरडे दिसणे जवळजवळ अशक्य. रात्री ते रोपट्यांवर चढून झोपतात. विजेरीच्या झोतात फिकट अंग उठून दिसते, म्हणून शोध रात्रीच घ्यावा. धक्का लागताच पाय पोटाशी घेऊन ते खाली पडतात आणि सुक्या पानासारखे निपचित राहतात. अशा वेळी पाऊल हलवण्याआधी जमीन तपासावी.

जंगलतोड हा मुख्य धोका. ब्रु. डेस्पेराटा (हताश) व ब्रु. ट्रिस्टिस (दुःखी) ही नावे त्यांच्या अधिवासाच्या दुर्दशेवरूनच दिलेली आहेत.