लाकडी पट्टीच्या टाइल्स स्वतः बसवणार असाल, तर

लाकडासारख्या दिसणाऱ्या लांब टाइल्स (200 × 1200 मिमी) नेऊन एखादी खोली सुट्टीत स्वतःच करायची, असं म्हणणारे बरेच जण आमच्या दुकानात येतात. काम जमण्यासारखं आहे. पण दोन बाय दोनच्या टाइलचा अनुभव इथे पुरत नाही.

घरी गेल्यावर दोन टाइल्स तोंडाला तोंड लावून लांब कडेवर उभ्या धरा. बहुधा मध्ये टेकतील आणि टोकांना बारीक फट दिसेल. भट्टीत भाजताना लांब टाइलला थोडा बाक येतोच. अशा टाइल्सचे सांधे विटांसारखे अर्ध्यावर घेतले, तर एकीचा उचललेला मधला भाग शेजारणीच्या खाली गेलेल्या टोकाला येऊन लागतो. मग अनवाणी चालताना कड पायाला टोचते. आमच्या दुकानातली पहिली नमुन्याची फरशी आम्ही अशीच घातली होती. ती उखडून पुन्हा करावी लागली. म्हणून कळकळीने सांगतो, सांधा एक तृतीयांशावर, म्हणजे 400 मिमीवर घ्या. लेव्हलिंग क्लिप (शेजारच्या टाइल्स एका पातळीत धरणारे चिमटे) कडा जुळवतात, बाक काढत नाहीत. फट फारच मोठी असेल, तर ती टाइल न बसवता आमच्याकडे परत आणा.

कोब्यावर दोन मीटरची सरळ पट्टी सगळीकडे फिरवा. खाली 3 मिमीपेक्षा जास्त फट दिसली, तर आधी तो खड्डा भरून घ्या. आपल्याकडच्या पावसात तळमजल्याला ओल धरते. प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवून दिवसभर ठेवा. खाली घाम दिसला तर काम पुढे ढकला. दिवाळीनंतर केलेलं चांगलं.

सिमेंटच्या घोळावर ही टाइल नीट धरत नाही. ही व्हिट्रिफाइड, म्हणजे भाजून काचेसारखी घट्ट झालेली टाइल 0.5 टक्क्यांहूनही कमी पाणी शोषते, त्यामुळे ती भिजत घालूनही उपयोग नाही. गोणीवर आयएस 15477 (टाइलच्या अ‍ॅडहेसिव्हचं भारतीय मानक) असलेला, व्हिट्रिफाइडला चालणारा अ‍ॅडहेसिव्ह घ्या. 10 मिमी दातांच्या थापीने ओळी एकाच दिशेला ओढा, टाइलच्या पाठीवरही पातळ हात फिरवा. पहिली टाइल बसवली की लगेच उचलून बघा. पाठ कोपऱ्यांसकट भरलेली दिसली पाहिजे. कोरडे डाग राहिले, तर पुढे तिथेच पोकळ वाजणार. पंधरा मिनिटांत उरकेल तेवढाच माल पसरा.

सांध्यात 2 ते 3 मिमीचे स्पेसर (सारखी फट राखणारे प्लास्टिकचे तुकडे), भिंतीलगत 6 मिमी मोकळी जागा. ती स्कर्टिंगखाली झाकली जाते. निदान 24 तास पाय ठेवू नका, मगच ग्राऊट (सांध्यांत भरायचा मसाला) भरा.

12 × 10 फुटांच्या खोलीला हिशेबाने 47 टाइल्स बसतात. तुटफूट आणि कापण्यासाठी धरून 54 न्या. सगळ्या बॉक्सवरचा बॅच आणि शेड नंबर एकच आहे ना, ते दुकानातच तपासा. बसवताना चार-पाच बॉक्स उघडून टाइल्स मिसळा, नाहीतर लाकडाची तीच गाठ शेजारी-शेजारी येते.

येताना खोलीच्या मापाबरोबर दाराच्या फळीखालची फटही मोजून आणा. जुन्या फरशीवर नवी घातली, तर उंची साधारण दीड सेंटीमीटर वाढते आणि दार अडतं.