हॉलमार्क सोन्याचा, हिऱ्याचा नव्हे
‘अंगठीवर हॉलमार्क आहे, दुकान नामांकित आहे, मग हिऱ्याचं वेगळं सर्टिफिकेट कशाला?’ लग्नसराईत हे वाक्य हमखास कानावर येतं. हा समज चुकीचा आहे आणि महागात पडणारा आहे. बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, हॉलमार्क फक्त सोन्याची शुद्धता सांगतो. त्याच अंगठीतल्या हिऱ्याबद्दल तो एक अक्षरही बोलत नाही.

दुकान किंवा ब्रँड हिऱ्यासोबत स्वतःचं कार्ड देतो, ते म्हणजे विकणाऱ्यानेच दिलेली ग्वाही. जीआयए (जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका) किंवा आयजीआय (इंटरनॅशनल जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट) यांसारखी हिरे तपासणारी प्रयोगशाळा हिरा विकत नाही. ती वजन, रंग, स्वच्छता (म्हणजे डाग-दोष किती कमी) आणि पैलू तपासून अहवाल देते. रंगाची श्रेणी ‘डी’ म्हणजे रंगहीनपासून ‘झेड’ म्हणजे फिकट पिवळसरपर्यंत असते, स्वच्छता दहापट भिंगाखाली ठरते. जीआयए तर फक्त सुट्या हिऱ्यांनाच श्रेणी देते, कारण कोंदणात बसवलेल्या खड्याचं वजन आणि रंग नेमके कळत नाहीत.

म्हणून कागद पाहून थांबू नका. अहवालाचा क्रमांक प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावर टाका. बऱ्याच हिऱ्यांच्या कडेवर तोच क्रमांक लेसरने कोरलेला असतो. तो दुकानातच भिंगातून दाखवायला सांगा, संकोच करू नका. हिरा नैसर्गिक की प्रयोगशाळेत वाढवलेला, हेही अहवालात वाचा. किंमत मात्र जीआयएच्या अहवालात नसते. ती चार दुकानं फिरूनच कळते.