शीर्षासनाने केस उगवत नाहीत; मग योगाचा केसांशी संबंध काय?

कंगव्यात अडकलेला केस उजेडात धरून पाहिला तर एका टोकाला पांढरट, टाचणीच्या डोक्याहूनही बारीक गाठ दिसते. ती दिसली की पोटात गोळा येतो. केस मुळासकट गेला, आता तिथे पुन्हा काही उगवायचं नाही, असं वाटतं. पण ती गाठ म्हणजे मूळ नव्हेच. वाढ पूर्ण झालेल्या केसाचं खालचं टोक कडक होऊन मिटतं, त्याची ती खूण. केस जिथे घडतो तो रोमकूप त्वचेच्या आत शाबूत असतो आणि थोडी विश्रांती घेऊन नवा केस घडवायला घेतो. केसगळती आणि योगाचं खरं नातं या विश्रांतीपाशी आहे. शीर्षासनाने डोक्याकडे रक्त जाऊन केस उगवतात असं सांगितलं जातं; पण डोक्याकडे रक्त ‘धाडण्याशी’ या नात्याचा फारसा संबंध नाही.

आपल्या डोक्यावर साधारण एक लाख रोमकूप असतात आणि प्रत्येकाचं वेळापत्रक वेगळं असतं. वाढीचा काळ २ ते ६ वर्षांचा, मग दोन-तीन आठवडे आवरतं घेण्याचे, त्यानंतर सुमारे तीन महिने विश्रांतीचे. विश्रांती संपली की जुना केस गळून पडतो. कोणत्याही दिवशी ८५ ते ९० टक्के केस वाढत असतात, उरलेले बहुतेक विश्रांतीत. म्हणजे विश्रांतीतले दहा हजार केस जेमतेम शंभर दिवसांत गळायचे, तर रोजचे शंभर झाले. दिवसाला ५० ते १०० केस जाणं नेहमीचं म्हणतात, त्यामागे हाच हिशेब आहे. आठवड्यातून एकदाच न्हाणाऱ्यांना न्हाणीघराच्या जाळीवर मोठा पुंजका दिसतो, कारण तिथे आठवडाभराचे केस एकदम उतरलेले असतात.

बिघाड होतो तो हे वेळापत्रक कोलमडलं की. डेंग्यू किंवा टायफॉइडचा ताप, बाळंतपण, मोठी शस्त्रक्रिया, अर्धपोटी राहून झपाट्याने उतरवलेलं वजन किंवा महिनोन्महिने चाललेला मानसिक ताण, यांपैकी काहीही झालं की वाढीतले पुष्कळ रोमकूप मुदतीआधीच विश्रांतीत जातात. केस मात्र लगेच गळत नाहीत. ते दोन-तीन महिन्यांनी गळतात. अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिग्मन यांनी १९६१ साली या केसगळतीला ‘टेलोजेन इफ्लुव्हियम’ हे नाव दिलं. मधल्या या अंतरामुळे खरं कारण नजरेतून निसटतं. श्रावणात ताप येऊन गेलेला असतो, दिवाळीच्या सुमारास मूठमूठ केस हातात येतात आणि दोष जातो नव्या शॅम्पूला नाही तर बोअरच्या पाण्याला. म्हणून केस गळू लागले की आधी कॅलेंडर तीन महिने मागे उलटून पाहावं.

ताण रोमकूपापर्यंत पोहोचतो कसा, याचा एक चांगला उलगडा २०२१ साली हार्वर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून झाला. ताणाखाली अधिवृक्क ग्रंथी, म्हणजे मूत्रपिंडांवरच्या लहान ग्रंथी, कॉर्टिकोस्टेरॉन नावाचं संप्रेरक सोडतात. माणसात त्याची जागा कॉर्टिसॉल घेतं. रोमकूपाच्या तळाशी असलेल्या पेशी एरवी ‘गॅस ६’ नावाचं प्रथिन तयार करतात आणि ते केसांच्या मूळपेशींना, म्हणजे नवा केस घडवणाऱ्या पेशींना, जागं करतं. ताणाच्या संप्रेरकामुळे या प्रथिनाची निर्मिती मंदावते, मूळपेशी निजलेल्याच राहतात आणि विश्रांती लांबते. उंदरांत दिसलेलं माणसाला जसंच्या तसं लावता येत नाही, पण दिशा स्पष्ट आहे. योगाचा हात पोहोचतो तो इथवर. सावकाश श्वसनाने, विशेषतः लांबवलेल्या उच्छ्वासाने, मेंदूतून हृदयाकडे जाणाऱ्या व्हेगस नावाच्या नसेचं काम वाढतं, हृदयाची गती उतरते आणि शरीर सतत सावध राहण्याच्या स्थितीतून बाहेर येतं. रोमकूपाला त्याचं वेळापत्रक पुन्हा धरता यावं म्हणून एवढी मोकळीक देणं, हे योगाचं काम. योगाने केस ‘उगवतात’ म्हणणं हा त्यापुढचा दावा झाला, आणि तो करू नये.

याच कारणाने, केस गळण्याचा प्रकार ओळखल्याशिवाय चटई अंथरण्यात अर्थ नाही. पुरुषांना कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून किंवा टाळूवर पडत जाणारं टक्कल आनुवंशिक असतं. डीएचटी या संप्रेरकामुळे रोमकूप दर चक्रात थोडा थोडा आक्रसतो आणि केस बारीक होत होत लव उरते. स्त्रियांत कपाळाची कड सहसा टिकते, पण भांग रुंद होत जातो. हे प्राणायामाने थांबत नाही. त्यावर मिनॉक्सिडिलसारखी औषधं आहेत आणि ती लवकर सुरू केली तरच उपयोगी पडतात, कारण फार आक्रसलेला रोमकूप परत उभा करणं अवघड असतं. इथे आसनांवर दोन वर्षं घालवणं हे खरं नुकसान आहे आणि ते टाळता येण्यासारखं आहे. नाण्याएवढा गुळगुळीत डाग, म्हणजे चाई, ही रोगप्रतिकारशक्तीने स्वतःच्याच रोमकूपांवर केलेल्या हल्ल्याची खूण. थायरॉइडचा बिघाड, पाळीच्या तक्रारी आणि पीसीओएस (बीजकोशांशी निगडित संप्रेरकांचा बिघाड), लोहाची कमतरता यांनाही आपापले उपचार आहेत. योग या सगळ्यांत सोबतीला चालतो, पण उपचाराची जागा घेऊ शकत नाही.

आता शीर्षासन. उलटं झाल्यावर चेहरा लाल होतो तो प्रामुख्याने शिरांतलं रक्त खाली उतरून साचल्यामुळे. त्यात रोमकूपाला जास्तीचं पोषण मिळाल्याचा पुरावा नाही. मेंदू स्वतःकडचा रक्तप्रवाह बऱ्यापैकी स्थिर राखतो आणि सरळ झाल्यावर काही मिनिटांत सगळं पूर्ववत होतं. डोळ्याला मात्र झळ बसते. चेन्नईच्या शंकर नेत्रालयात योगाभ्यासींवर झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शीर्षासनात डोळ्यातला दाब सुमारे दुप्पट झालेला आढळला. काचबिंदू असेल किंवा घरात कुणाला असेल, तर केसांसाठी हा धोका पत्करू नये. उच्च रक्तदाब आणि मानेच्या मणक्यांचा त्रास असणाऱ्यांनीही नाहीच. डोक्याच्या एकाच जागी वर्षानुवर्षं दाब आणि घर्षण होत राहिलं तर काय होतं, हे डोक्यावर गिरक्या घेणाऱ्या ब्रेकडान्सरांत दिसून आलं आहे: टाळूवर गाठ येते आणि तिथलेच केस जातात.

केस वाढावेत म्हणून नखं एकमेकांवर घासण्याचा प्रकार बसथांब्यापासून बागेपर्यंत सगळीकडे दिसतो. नख आणि केस दोन्ही केराटिन या प्रथिनाचे, एवढंच त्यांचं साम्य. नखापासून रोमकूपाकडे जाणारी कुठलीही खास नस शरीरात नाही. कपालभातीतलं ‘कपाल’ ऐकून ती केसांसाठी धडाक्याने केली जाते. पण वेगाने आणि फार वेळ केली तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचतात आणि चक्कर येते. तिचे इतर उपयोग काही असोत, केसांसाठी ती निवडू नये. गरोदरपणात, हर्नियात आणि रक्तदाब ताब्यात नसताना तर मुळीच नको.

लोणावळ्याच्या कैवल्यधामात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ पासून योगक्रिया क्ष-किरणांनी आणि दाबमापकाने तपासून पाहायची परंपरा घालून दिली. तीच सवय घरी लावावी. अभ्यास सुरू करण्याआधी मोजणी करायची. न्हाण्यापूर्वी उशीवर केसांच्या उलट रंगाचा अभ्रा चढवा, तिच्यावर वाकून डोक्याच्या मागून पुढे ६० सेकंद केस विंचरा आणि उशीवर व कंगव्यात आलेले केस मोजा. असं लागोपाठ तीन दिवस, दर वेळी न्हाण्याआधी, तोच कंगवा वापरून. निरोगी पुरुषांत हा आकडा सरासरी दहाच्या आसपास असतो. लांब केस असलेल्या बायकांनी या सरासरीशी नव्हे, तर स्वतःच्याच आधीच्या आकड्याशी तुलना करावी. दर महिन्याला एकदा नोंद पुरे. रोज मोजत बसणं हाच एक ताण होऊन बसतो.

अभ्यास अर्ध्या तासाचा, आठवड्यातून किमान पाच दिवस, जेवणानंतर तीन तासांनी. संध्याकाळ उत्तम. केस मोकळे ठेवा किंवा सैल वेणी घालून एका खांद्यावरून पुढे घ्या. चापून बांधलेल्या बुचड्याने कपाळाच्या आणि कानशिलाच्या कडेचे केस सतत ओढले जातात आणि काही वर्षांनी तिथली कड मागे सरकते.

सुरुवात मार्जारासनाने, तळहात आणि गुडघे जमिनीवर टेकवून, आठ-दहा आवर्तनं. श्वास घेताना छाती पुढे, सोडताना पाठ गोल. मान मागे झटकू नये, ती पाठीच्या मागोमाग सैल जाऊ द्यावी. मग भिंतीला पाय टेकवून विपरीत करणी, पाच मिनिटं: कुल्ले भिंतीपासून चार-सहा बोटं दूर, कमरेखाली दुहेरी घडीची सतरंजी, डोकं जमिनीवर. पायांना मुंग्या आल्या की उतरायचं. उतरताना गुडघे दुमडून कुशीवर वळा, अर्धा मिनिट तसेच पडा आणि मग हाताच्या आधाराने बसा. थेट उठलं की अंधारी येते, आणि आसनाने त्रास झाला असा समज होतो. छातीत जळजळ होत असेल तर हे आसन वगळा. काचबिंदू असेल तर नेत्रतज्ज्ञाला विचारल्याशिवाय करू नका.

खरा भर अनुलोम-विलोमावर. घडी केलेल्या चादरीवर बसा, म्हणजे गुडघे कमरेपेक्षा खाली येतील आणि पाठ आपोआप उभी राहील. उजव्या अंगठ्याने उजवी नाकपुडी मिटा, डावीने चार अंक मोजत श्वास घ्या. अनामिकेने डावी मिटून उजवीने सहा अंक मोजत सोडा. मग उजवीने चार, डावीने सहा. एक अंक म्हणजे एक सेकंद. असं एक आवर्तन २० सेकंदांचं होतं आणि श्वासाची गती मिनिटाला सहा राहते. दहा मिनिटांत ३० आवर्तनं. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटं पुरेत. कुंभक करू नका, म्हणजे श्वास रोखून धरू नका.

इथे चुका ठरलेल्या आहेत. सहा अंक ओढूनताणून गाठले की पुढचा श्वास धापेसारखा आत येतो. असं झालं तर काम उलटंच चाललं आहे; तीन-चारच्या मापावर उतरा आणि पंधरा दिवसांनी वाढवा. कोपर उंच धरला की उजवा खांदा कानाकडे चढतो आणि मान आखडते. नाकपुडी चिमटीत दाबू नका, हाडाखालच्या मऊ भागावर बोट नुसतं टेकवा. सर्दीने एक बाजू बंद असेल त्या दिवशी दोन्ही नाकपुड्यांनी त्याच मापाने श्वास घ्यावा.

त्यानंतर भ्रामरी, म्हणजे श्वास सोडताना भुंग्यासारखं गुणगुणणं, सात वेळा. ओठ मिटलेले, दात किंचित विलग, आवाज खालच्या पट्टीतला. कानात बोट खुपसू नका. कानाच्या भोकापुढचा छोटा उंचवटा अंगठ्याने हलका मिटा. दात आवळून मोठ्याने गुणगुणलं तर जबडा आणि कानशिलं ताठतात आणि अर्धा फायदा जातो.

शेवटी शवासन, दहा मिनिटं. क्लिप, अंबाडा, रबरबँड काढूनच झोपा. डोक्याखाली गाठ राहिली की मान पुढे ढकलली जाते आणि डोक्याचे स्नायू सैल होतच नाहीत. हनुवटी कपाळाहून वर जात असेल तर डोक्याखाली इंचभर घडी घ्या. मोबाइल दुसऱ्या खोलीत. लक्ष क्रमाने जबडा, भुवयांच्या मधली जागा, कानांमागचा भाग आणि टाळूवर न्यायचं. बहुतेकांना भुवया आक्रसलेल्या आहेत हे इथेच पहिल्यांदा कळतं.

मालिशीबद्दल थोडं. जपानमध्ये २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात नऊ पुरुषांनी रोज चार मिनिटं, २४ आठवडे डोक्याची मालिश घेतली. केसाची जाडी ०.०८५ वरून ०.०९२ मिलिमीटरवर गेली, केसांची संख्या मात्र वाढली नाही. नऊ माणसांवरून फार ताणू नये, पण करायला हरकत नाही. बोटांची पेरं टेकवून त्वचा कवटीवर सरकवायची, केस चोळायचे नाहीत. तेल थापून रगडलं तर आधीच सुटायला आलेले केस भराभर निघतात आणि चांगले मधूनच तुटतात.

आहाराकडे दुर्लक्ष करून हे सगळं केलं तर मात्र हाती काही लागायचं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्ताल्पता आढळली. हिमोग्लोबिनबरोबर लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिनही तपासून घ्या, कारण साठा आधी रिकामा होतो. अळीव, कडधान्यं, पालेभाज्या यांवर लिंबू पिळा. जेवणाच्या आगेमागे तासभर चहा नको. प्रथिनं वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीला सुमारे ५० ग्रॅम. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर रक्ततपासणीआधी डॉक्टरांना तसं सांगा. या गोळ्यांमुळे थायरॉइडसारख्या चाचण्यांचे आकडे चुकतात.

पहिल्या दोन-तीन महिन्यांत आकडा हलत नाही, कारण जे केस आधीच विश्रांतीत गेले आहेत ते गळणारच. म्हणून याच टप्प्यावर सोडू नका. डाग पडणं, टाळूला जळजळ, खवले किंवा पू, भांग स्पष्ट रुंद होणं किंवा सहा महिन्यांनंतरही गळती न थांबणं, यांत त्वचारोगतज्ज्ञाकडे जावंच.

गळती ओसरू लागली की तिसऱ्या-चौथ्या महिन्यात कपाळाच्या कडेला एक-दोन सेंटिमीटरचे आखूड केस ताठ उभे दिसतात. तुटके समजून त्यांना तेलाने चापून बसवलं जातं किंवा कात्री लावली जाते. त्यातला एक बोटात धरून टोक पाहा: तुटलेल्या केसाचं टोक बोथट किंवा फाटलेलं असतं, नव्याने उगवलेल्याचं निमुळतं. निमुळतं असेल तर त्याला तसंच राहू द्या. महिन्याला साधारण एक सेंटिमीटर या चालीने तो वेणीत सामावायला दीड-दोन वर्षं घेईल.