शारीरिक हालचाल आणि वर्तनबदल

शारीरिक हालचाल आणि वर्तनबदल : आरोग्य मानसशास्त्रातील एक अभ्यासविषय. कंकाल स्नायूंमुळे घडणारी व ऊर्जा खर्ची घालणारी शरीराची कोणतीही क्रिया ही शारीरिक हालचाल, तर व्यायाम हा तिचा आखीव, ठरवून केलेला भाग, असा भेद कॅस्परसन व सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये केला. जिना चढणे, पाणी भरणे, लोकल गाठण्यासाठी स्थानकापर्यंत चालणे यांचा समावेश हालचालीत होतो. तिचे फायदे ठाऊक असूनही माणसे हालचाल का करत नाहीत आणि सुरू केलेली का सोडून देतात, हे या अभ्यासाचे मुख्य प्रश्न होत.

विषयाचा आरंभ सामान्यतः जेरी मॉरिस यांच्या १९५३ च्या संशोधनापासून धरतात, जरी ते संशोधन मानसशास्त्राचे नसून रोगपरिस्थितीविज्ञानाचे (लोकसमूहांतील रोगांचा प्रसार व कारणे यांच्या अभ्यासाचे) आहे. लंडनच्या वाहतूक सेवेतील सुमारे ३१,००० पुरुष कर्मचाऱ्यांच्या नोंदींत बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा दुमजली बसमध्ये दिवसभर जिना चढउतार करणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होत असल्याचे आढळले. (मुंबईत दुमजली बस १९३७ मध्ये आली, वाहकाचे ते वरखाली करणे येथील जुन्या प्रवाशांना परिचित आहे.) निष्कर्षावरील पहिला गंभीर आक्षेप स्वतः मॉरिस व सहकाऱ्यांच्याच कामातून पुढे आला. १९५६ मध्ये त्यांनी गणवेशांच्या मापांची छाननी केली, तेव्हा तरुण वयापासूनच चालकांच्या कमरेचा घेर वाहकांपेक्षा जास्त असल्याचे दिसले. म्हणजे कामामुळे प्रकृती घडली, की प्रकृतीनुसार माणसे त्या कामाकडे वळली? पुढे पॅफेनबार्गर यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या गोदी कामगारांवर केलेल्या अभ्यासांमुळे हालचालीच्या संरक्षक परिणामाचा पक्ष बळकट झाला. आज तोच अधिक ग्राह्य मानला जातो. मात्र प्रकृतीनुसार काम निवडले जाण्याचा परिणाम अजिबात नव्हता, असे म्हणता येत नाही.

वर्तनाच्या स्पष्टीकरणासाठी बँड्युरा यांची स्वक्षमतेवरील विश्वासाची, म्हणजे ‘हे मला जमेल’ या खात्रीची, संकल्पना (१९७७), प्रोचास्का व डिक्लेमेंटी यांचे बदलाचे टप्पे (१९८३) आणि आयझेन यांचा नियोजित वर्तनाचा सिद्धांत (१९९१) वापरले गेले. आयझेन यांच्या मांडणीत हेतूला मध्यवर्ती स्थान आहे. तथापि हालचालीचा हेतू बाळगणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्या व्यक्ती तो अमलात आणत नाहीत, असे नंतरच्या पाहण्यांत वारंवार दिसले, आणि २०१४ मध्ये काही संशोधकांनी हा सिद्धांत निवृत्त करण्याचीच सूचना केली. हेतू व कृती यांतील ही तफावत भरून काढण्यासाठी गोलविट्झर यांनी ‘केव्हा, कोठे, कसे’ हे आधीच ठरवून ठेवण्याचा उपाय सुचविला (१९९९). सवय रुजण्यास २१ दिवस लागतात या लोकप्रिय समजुतीला आधार नाही. लॅली व सहकाऱ्यांच्या अभ्यासात (२०१०) हा काळ १८ ते २५४ दिवस असा पसरलेला होता, मध्यक (चढत्या क्रमातील मधली किंमत) ६६ दिवस.

मिची व सहकाऱ्यांच्या वर्तनविषयक प्रतिमानात (२०११) क्षमता, संधी व प्रेरणा या तिन्ही घटकांना स्थान आहे. मुंबईसारख्या शहराचा विचार करताना हीच मांडणी अधिक उपयुक्त वाटते. शिवाजी पार्कच्या कट्ट्यालगत किंवा मरीन ड्राइव्हवर पहाटे फेऱ्या मारणाऱ्यांना संधी घराजवळ मिळते. विरारहून चर्चगेटला नोकरीसाठी येणाऱ्याचे चालणे फलाटावर आणि पुलांवर होते. फुरसतीचा व्यायाम त्याच्या वेळापत्रकात बसत नाही, यात इच्छाशक्तीचा दोष काढणे अन्यायाचे ठरेल. महाराष्ट्रासह चार प्रदेशांतील १४,२२७ व्यक्तींच्या भारतीय पाहणीत (२०१४) ५४.४ टक्के व्यक्ती निष्क्रिय आढळल्या, आणि फुरसतीत हालचाल करणारे १० टक्क्यांहूनही कमी होते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम तीव्रतेची हालचाल सुचविली. संघटनेच्या हालचाल मोजण्याच्या प्रश्नावलीत काम, प्रवास व फुरसत असे तीन भाग असून घरकाम पहिल्या भागात मोडते. त्यामुळे चाळीत पाणी भरणाऱ्या, लादी पुसणाऱ्या स्त्रीला ‘व्यायाम करता का?’ एवढेच विचारल्यास तिचे श्रम नोंदीबाहेर राहतात.