दोन चौकटींमधली कोरी जागा

चित्रकथेच्या पहिल्या चौकटीत एक मुलगा टाचा उंचावून फळीवरच्या बरणीकडे हात नेतो आहे आणि दुसऱ्या चौकटीत जमिनीवर काचांचा सडा पडला आहे, एवढेच चित्रकाराने रेखाटलेले असते. बरणी हातातून निसटली, ती सावरायला मुलगा धडपडला, खळ्ळकन आवाज झाला, हे सारे चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीत वाचक स्वतः घडवतो. चित्राखाली ‘बरणी पडून फुटली’ असे लिहिले, की वाचकाच्या वाट्याला नुसते पाहणे उरते.

स्वतः घडवलेले मनात अधिक टिकते. १९७८ साली नॉर्मन स्लामेका आणि पीटर ग्राफ या मानसशास्त्रज्ञांनी शब्दांच्या काही जोड्या नुसत्या वाचायला दिल्या, तर काहींमधल्या दुसऱ्या शब्दाचे केवळ आद्याक्षर दाखवून तो ओळखायला सांगितला. पुढे चाचणी घेतली तेव्हा स्वतः शोधलेले शब्द अधिक चांगले लक्षात राहिलेले आढळले. ‘उष्ण’समोर ‘थं’ पाहून ‘थंड’ म्हणण्याइतके ते काम किरकोळ होते.

म्हणून कथा जितकी दुर्बोध तितकी चांगली असे मात्र नाही, आणि माझ्या मते अनेक कथाकारांची गल्लत येथेच होते. जॉन ब्रॅन्सफर्ड आणि मार्शा जॉन्सन यांनी १९७२ साली कपडे धुण्याच्या पद्धतीचा एक उतारा लोकांना ऐकवला, परंतु त्यात कपड्यांचे नाव कोठेच नव्हते. वस्तूंचे गट करावेत, एका वेळी फार घेऊ नयेत, अशी वाक्ये तेवढी होती. विषय आधी कळलेल्यांना इतरांच्या सुमारे दुप्पट मुद्दे आठवले, तर उतारा संपल्यावर विषय कळलेल्यांची स्थिती तो मुळीच न कळलेल्यांसारखीच राहिली. सारे काही शेवटी उलगडेल या भरवशावर प्रेक्षकाला तासभर अंधारात ठेवणे म्हणूनच धोक्याचे असते. चांगल्या रहस्यकथेत उलगडा शेवटीच होतो हे खरे, पण तिथला प्रत्येक प्रसंग त्या त्या वेळी समजलेला असतो. अखेरीस केवळ त्याचा अर्थ पालटतो.

थोडक्यात, फार सोपेही नको आणि फार अवघडही नको. सात-आठ महिन्यांची बाळेही फार सोप्या आणि फार गुंतागुंतीच्या दृश्यमालिकांवरून लवकर नजर काढून घेतात, असे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले.

मात्र किती विचार करायला लावावा, याचे माप प्रत्येक माध्यमाला वेगळे लागते. आपण एका वेळी साधारण चारच गोष्टी मनात धरून ठेवू शकतो, असे मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवन यांनी २००१ साली मांडले. पुस्तकाचा वाचक पान मागे उलटतो, चित्रकथेचा वाचक एका चौकटीवर हवा तितका वेळ थांबतो. चित्रपटगृहातल्या प्रेक्षकाला ही सोय नाही. गुंतागुंतीच्या प्रसंगानंतर पात्र खिडकीपाशी काही क्षण नुसते उभे राहते, तेव्हा कथा पुढे सरकत नाही असे वाटते खरे, पण नुकत्याच कानांवर पडलेल्या चार वाक्यांची सांगड प्रेक्षक घालतो ती नेमकी त्याच क्षणांत.