पार्श्वभूमी : मस्टरवरचा शिपाई आणि ‘यू.ई.’ ही दोन अक्षरे

लॉयलिस्ट, म्हणजे अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धात इंग्लंडच्या राजाशी निष्ठ राहिलेला, पूर्वज सैनिक होता असे घरात ऐकलेला माणूस आधी पलटणीच्या कागदांकडे वळतो. या युद्धात वसाहतींतच भरती होऊन राजाच्या बाजूने लढलेल्या प्रांतिक पलटणींची मस्टर बऱ्याच प्रमाणात शिल्लक आहेत. रोजगार हमीच्या कामावर असते तसलेच हे मस्टर. साधारण दर दोन महिन्यांनी हजेरी घ्यायची, नाव आणि हुद्दा लिहायचा, पुढे शेरा मारायचा : आजारी, रजेवर, शत्रूच्या कैदेत, पळाला, वारला. पगाराच्या हिशेबाचा कागद तो. त्यात बापाचे नाव नाही, बायकोमुलांचा पत्ता नाही. एका पलटणीत एकाच नावाचे दोन शिपाई निघाले की मस्टरवरून पुढे जाता येत नाही.

कुटुंब पहिल्यांदा दिसते ते शिध्याच्या याद्यांत. १७८३-८४ मध्ये पलटणी मोडल्या आणि शिपाई आजच्या कॅनडात सेंट लॉरेन्स नदीच्या काठावर, क्विंटे उपसागराभोवती, नायगाऱ्याजवळ वसवले गेले. पूर्वेकडे नोव्हा स्कोशियात इतकी माणसे उतरली की १७८४ मध्ये त्यातून न्यू ब्रन्सविक हा वेगळा प्रांत काढावा लागला. साध्या शिपायाला १०० एकर, कॅप्टनला ७००, त्यावरच्या अधिकाऱ्याला १००० आणि कुटुंबातल्या प्रत्येक माणसामागे ५० एकर, असा हिशेब होता. सरकारी शिधा १७८६ पर्यंत चालला. तो वाटताना पुरुष, बायका, मुलगे, मुली अशी डोकी मोजली जात. नावे मात्र बहुधा घरच्या कर्त्याचीच.

खरा गुंता ९ नोव्हेंबर १७८९ चा. त्या दिवशी क्वेबेक प्रांताच्या कौन्सिलने, म्हणजे गव्हर्नरच्या सल्लागार मंडळाने, ठरवले की युद्ध संपवणाऱ्या १७८३ च्या तहापूर्वी राजाच्या निशाणाखाली आलेल्यांची वेगळी नोंद ठेवायची, त्यांच्या मुलाला आणि मुलीलाही, सज्ञान होताच किंवा लग्न होताच, २०० एकर द्यायचे. या कुटुंबांना नावापुढे ‘यू.ई.’ (युनिटी ऑफ एम्पायर), म्हणजे साम्राज्याची एकता, ही अक्षरे लावण्याचा मानही मिळाला. मराठीत ‘राजनिष्ठ’ म्हटले की रावबहादूर डोळ्यांसमोर येतो. इथे मात्र मानाच्या मागे शेताचा तुकडा होता, आणि भांडण त्या तुकड्यापायीच लागले.

कारण ‘राजाच्या निशाणाखाली आलेला’ कोण? युद्धाआधी न्यूयॉर्कात शेती करणारा आणि मग बंदूक उचलणारा तर नक्कीच. पण विलायतेहून पलटणीबरोबर आलेला आणि इथेच नाव कमी करून राहिलेला गोरा शिपाई? भाड्याने आणलेला जर्मन? जमीन यांनाही मिळाली होती, शिधाही मिळाला होता. पण मुलांनी २०० एकर मागितले की बाप यू.ई. होता का, हा प्रश्न निघायचा. माझ्या मते कौन्सिलने हा शब्द सैल ठेवला आणि पुढची पंचवीस-तीस वर्षे कारकुनांनी तो आपापल्या परीने ताणला. १७९१ मध्ये क्वेबेकमधून अप्पर कॅनडा (आजच्या ऑन्टॅरिओचा दक्षिण भाग) वेगळा झाला. १७९० च्या दशकात स्वस्त जमिनीसाठी अमेरिकेतून नवे लोक आले आणि जुन्यांकडे पुरावे मागितले जाऊ लागले. कौन्सिलची एक यादी आणि जमीन खात्याची दुसरी, दोन्ही एकमेकींशी जुळत नाहीत. काही नावांपुढे ‘खोडले’ असा शेरा आहे. १८१२ च्या इंग्लंड-अमेरिका युद्धानंतर अर्जासोबत आणखी एक दाखला लागू लागला : बापाने या युद्धातही निष्ठा सोडली नाही आणि शत्रूला मदत केल्याचा त्याच्यावर संशय नाही. म्हणजे १७७७ मध्ये लढलेल्याची परीक्षा १८१५ नंतर पुन्हा.

१७८३ मध्ये इंग्रजांबरोबर न्यूयॉर्क सोडणाऱ्या सुमारे ३००० कृष्णवर्णीयांची वेगळी वही आहे. तिच्यात वय, अंगलट आणि पूर्वीच्या मालकाचेही नाव सापडते. नोव्हा स्कोशियात त्यांतल्या अनेकांना जमीन थोडी किंवा मुळीच मिळाली नाही, आणि १७९२ मध्ये सुमारे १२०० जण सिएरा लिओनला निघून गेले. वंशजांच्या गप्पांत ही वही क्वचितच येते.

शताब्दीचे सोहळे १८८४ मध्ये झाले आणि पाठोपाठ यू.ई. लोकांची जुनी यादी छापून निघाली. आज घरोघरी आधार धरला जातो तो या छापील यादीचा, आणि नाव सापडले की शोध तिथेच थांबवला जातो. त्यापुढे मुलांचे अर्ज पाहावे लागतात, त्यातही मुलींचे. ‘अमक्या गावच्या अमक्याची मुलगी, तमक्याची बायको’ असे दोन्ही घरांचे धागे एका ओळीत मिळतात. फक्त तो अर्ज नवऱ्याच्या आडनावाखाली लागलेला असतो, आणि स्वतःचेच आडनाव शोधत बसणाऱ्याच्या हाती तो येत नाही.