एकच चक्र, दोन कामे

१,००० लिटर पाणी ३६७ मीटर उंचीवरून खाली आले आणि वाटेत काहीही वाया गेले नाही, तर त्यातून जेमतेम एक युनिट वीज मिळते. एवढे पाणी, एवढी उंची आणि पदरात एक युनिट! म्हणून तर उदंचन जलविद्युत प्रकल्पांना तलावच्या तलाव लागतात आणि टर्बाइनमध्ये हरवणारा एकेक टक्का अभियंत्यांच्या जिवाला लागतो.

प्रकल्पाची कल्पना सोपी आहे. एक तलाव डोंगरावर, एक पायथ्याशी. दुपारी सौरवीज उतू जाऊ लागली की खालचे पाणी वर चढवायचे. सूर्य मावळला की तेच पाणी खाली सोडून वीज परत घ्यायची. परत किती मिळते, याचा हिशेब मांडून पाहू. समजा, यंत्राचे चक्र, म्हणजे पाणी ज्याच्या पात्यांमधून जाते ते फिरते चाक, पंप म्हणून ९१ टक्के आणि टर्बाइन म्हणूनही ९१ टक्के कार्यक्षम आहे. मोटर-जनित्रात आणि बोगद्यांत जाता-येता प्रत्येकी दोन टक्के गेले, ट्रान्सफॉर्मरमध्ये दोन्ही वेळा अर्धा-अर्धा टक्का. सगळ्यांचा गुणाकार केला की १०० युनिटांमागे साधारण ७५.६ युनिटे हाती येतात. आता फक्त चक्र ९१ वरून ९२ वर न्या. आकडा ७७.३ होतो. पाणी त्याच चक्रातून दोनदा जाते, म्हणून तिथला एक टक्का जवळजवळ दोन टक्क्यांच्या मोलाचा ठरतो.

मग हा टक्का मिळवणे इतके अवघड का? कारण बहुतेक ठिकाणी पंप आणि टर्बाइन ही दोन यंत्रे नसतातच. एकच चक्र एका दिशेने फिरले की पंप, उलट फिरले की टर्बाइन. त्याचा मूळ पुरुष म्हणजे फ्रान्सिस टर्बाइन, जे जेम्स फ्रान्सिस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेतल्या लोवेल शहरात विकसित केले. टर्बाइनमध्ये पाणी बाहेरून आत येते, निमुळत्या होत जाणाऱ्या वाटांनी वेग घेते आणि पात्यांना धरून वाहते. पंपात उलटे घडते. पाणी रुंदावत जाणाऱ्या वाटांनी बाहेर पडते, तिथे त्याचा वेग कमी होऊन दाब वाढायला हवा. मंदावणारा प्रवाह मात्र मोठा हट्टी असतो. जरा वळण चुकले की तो पात्यापासून सुटतो आणि भोवऱ्यांत ऊर्जा उधळतो. म्हणून अशा चक्राची घडण पंपाच्या कलाने करावी लागते: व्यास मोठा, पाती थोडी आणि लांब. टर्बाइनने त्यात निभावून न्यायचे.

वेगाचे भांडण आणखी वेगळे. पाणी चढवताना पंपाला तलावांतली उंची आणि शिवाय बोगद्यातले घर्षण, दोन्हींवर मात करावी लागते. उतरताना टर्बाइनला मिळते ती घर्षण वजा जाता उरलेली उंची. त्यामुळे पंपाला जास्त वेग मानवतो, टर्बाइनला कमी. पण जुन्या पद्धतीचे यंत्र वीजजाळ्याच्या वारंवारतेला बांधलेले असते. ५० हर्ट्झच्या जाळ्यावर बारा चुंबकीय ध्रुवांचे यंत्र मिनिटाला ५०० फेरेच घेणार, दोन्ही कामांत. ऑस्ट्रियातल्या कॉप्स-२ या केंद्रात यावर सरळ उपाय केला आहे: एकाच दांड्यावर पेल्टन टर्बाइन (पाण्याच्या जोरदार झोताने फिरणारे) वेगळे आणि पंप वेगळा. पण त्यासाठी यंत्रे जास्त आणि डोंगराच्या पोटात जागाही जास्त लागते.

दुसरा उपाय मला अधिक देखणा वाटतो: बांधलेला वेगच सोडवायचा. जनित्राच्या रोटरला, म्हणजे फिरत्या भागाला, वेगळ्या, बदलत्या वारंवारतेचा प्रवाह दिला, तर चक्र हळू किंवा जलद फिरले तरी जाळ्याला वीज ५० हर्ट्झनेच मिळते. जपानने १९९० च्या दशकात ओकावाचीसारख्या केंद्रांत हे मोठ्या प्रमाणावर करून दाखवले. पंपाला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग १० टक्के उतरवला की शक्ती सुमारे २७ टक्के उतरते. स्थिर वेगाचा पंप एकतर पूर्ण ओढतो नाहीतर बंद असतो. बदलत्या वेगाचा पंप ढगाबरोबर हलका होतो, उन्हाबरोबर जोर धरतो.

टर्बाइनचा फायदा तर डोळ्यांनी दिसण्यासारखा आहे. यंत्र कमी भारावर चालवले की चक्रातून बाहेर पडणारे पाणी अजून गरगरत असते. पाणी बाहेर नेणाऱ्या खालच्या नळीत, म्हणजे ड्राफ्ट ट्यूबमध्ये, त्या गरगरण्याचा पीळ बसतो आणि बाटलीच्या बुचाच्या स्क्रूसारखा वळलेला एक दोर तयार होतो. त्याच्या गाभ्यातला दाब इतका पडतो की तिथे वाफ धरते. हा दोर चक्राच्या वेगाच्या साधारण पाव ते तिसऱ्या हिश्शाने फिरत नळीच्या भिंतींवर ठोके देतो, आणि ते ठोके पार वीजगृहापर्यंत जाणवू शकतात. ऊर्जा तर जातेच, धातूही थकतो. नळीत हवा सोडून किंवा भिंतीला आतून पट्ट्या बसवून तो शांत करता येतो. वेग बदलता येत असेल तर पीळच कमी बसतो.

याच कारणाने उत्पादकांच्या माहितीपत्रकातला सर्वोच्च कार्यक्षमतेचा एकच आकडा मला अपुरा वाटतो. पूर्वी ही केंद्रे रात्रभर पूर्ण भाराने पंप चालवत, संध्याकाळी पूर्ण भाराने वीज देत. आता सूर्य आणि वारा सांगतील तेव्हा ती चालू होतात, दिवसात अनेकदा दिशा बदलतात, तासन्‌तास अर्ध्या भारावर राहतात. शिखरावर ९३ टक्के देऊन अर्ध्या भारावर कोसळणाऱ्या चक्रापेक्षा सगळीकडे ९० च्या आसपास टिकणारे चक्र मी पत्करेन. हळू चालण्यात आणखी एक लाभ आहे: बोगद्यातले घर्षण प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणून प्रवाह निम्मा केला की तिथला उंचीचा तोटा पाव होतो.

अर्थात वारंवारता बदलणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा स्वतःही थोडी वीज खाते. एकसारख्या पूर्ण भारावर साधे, स्थिर वेगाचे यंत्र तिच्यापेक्षा सरस ठरू शकते. जर्मनीतल्या गोल्डिस्टाल केंद्रात म्हणूनच चारपैकी दोन यंत्रे स्थिर वेगाची आहेत आणि दोन बदलत्या वेगाची. ठरलेला भार पहिल्या जोडीवर टाकता येतो, वाऱ्या-उन्हाची चढउतार दुसरीवर.